उत्तर उस्मानाबादेत सापडले, ते साखरखेर्ड्यात केव्हा पोहोचणार?

इ.स. १७२४ च्या ऑक्टोबर महिन्यात, आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा गावाच्या शिवारात एक निर्णायक लढाई झाली. एका बाजूला निजाम-उल्-मुल्क, दुसऱ्या बाजूला मोगलांचा सुभेदार मुबारिझखान. बाजीराव पेशव्यांची मराठी फौज या वेळी निजामाच्या बाजूने होती. मुबारिझखान मारला गेला, हैदराबादच्या निजामी राज्याचा पाया घातला गेला आणि विजयाची खूण म्हणून गावाचे नाव 'फत्तेखेर्डा' असे ठेवण्यात आले. भांडण गावाचे नव्हते, निर्णय गावाचा नव्हता; तुडवली गेली ती शेते मात्र गावाची होती. मोबदल्यात गावाला मिळाले ते केवळ एक नाव, आणि तेही लोकांच्या जिभेवर टिकले नाही. साखरखेर्डा साखरखेर्डाच राहिले.

तीनशे वर्षांनंतर खेड्यांच्या भूमीवर घोड्यांच्या टापा वाजत नाहीत. आज तेथे प्रश्नावल्या घेतलेले सर्वेक्षक येतात, नमुने गोळा होतात, आकडे मांडले जातात. त्यातून निघणारे निष्कर्ष जगातील सर्वश्रेष्ठ वैद्यकीय नियतकालिकांत छापून येतात. ही गोष्ट वाईट मुळीच नाही. पण जुना प्रश्न नव्याने विचारावाच लागतो. भूमी ज्यांची, शरीरे ज्यांची, त्यांच्या पदरात या विजयातून काय पडते? की पुन्हा एकदा निव्वळ एक नाव?

एक लाख एकतीस हजार स्त्रिया

गर्भाशयमुखाचा कर्करोग हा भारतीय स्त्रीचा जुना वैरी आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. म्हणजे दर दिवशी दोनशेहून अधिक. एखाद्या रेल्वे अपघातात इतकी माणसे गेली असती, तर मंत्र्यांचे राजीनामे मागितले गेले असते. या स्त्रिया मात्र घराच्या कोपऱ्यात, अंगावर दुखणे काढत, एकेकट्या जातात; म्हणून त्यांची बातमी होत नाही.

या रोगाचे एक वैशिष्ट्य आहे. तो एका रात्रीत होत नाही. ह्यूमन पॅपिलोमा नावाच्या विषाणूचा संसर्ग दीर्घकाळ टिकून राहिला, तर गर्भाशयमुखाच्या पेशींत हळूहळू बदल घडतात आणि त्यांचे कर्करोगात रूपांतर होण्यास बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. शत्रू इतका अवधी देतो. या अवधीत तपासणी झाली, तर बिघडलेला भाग गोठवून किंवा काढून टाकता येतो. कर्करोग होतच नाही. प्रश्न उरतो तो इतकाच की, जेथे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी तपासणारे तज्ज्ञ नाहीत, अशा खेड्यात कोणती तपासणी खरोखर प्राण वाचवते?

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातच शोधले गेले. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मृती रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १९९९ मध्ये उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यात एक प्रचंड अभ्यास सुरू केला. खेड्यांचे ५२ समूह पाडण्यात आले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात सामील झाल्या. एका गटाची विषाणूसाठी तपासणी झाली, दुसऱ्याची पेशी-तपासणी, तिसऱ्यात पातळ व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटाची तपासणी झाली नाही. त्या स्त्रियांना केवळ माहिती देण्यात आली.

आठ वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने प्रसिद्ध केले. ज्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात विषाणू-तपासणी झाली, तेथे या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणले. पाश्चात्त्य देशांत अनेक दशके प्रतिष्ठा पावलेली पेशी-तपासणी मात्र, खेड्यात एकदाच केली असता, मृत्यू लक्षणीयरीत्या कमी करू शकली नाही. तेथील रीत जशीच्या तशी येथे आणून चालत नाही, आपल्या परिस्थितीत आपणच तपासून पाहावे लागते, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

आणि जिची तपासणी झाली नाही ती?

पण त्या चौसष्ट जणींचे काय? वैद्यकीय परिभाषेत त्यांना 'तुलना-गट' म्हणतात. शब्द निर्जीव आहे, त्यामागील स्त्रिया सजीव होत्या. त्यांची घरे होती, लेकरे होती, सणवार होते.

मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून टाटा रुग्णालयाने असाच अभ्यास चालवला होता. दीड लाखाहून अधिक स्त्रिया. त्यांपैकी निम्म्या तुलना-गटात. दहावी शिकलेल्या स्त्रियांना अवघ्या चार आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन व्हिनेगरची तपासणी करून घेण्यात आली आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष २०१३ मध्ये अमेरिकेत जाहीर झाला, तेव्हा त्याचे जगभर स्वागत झाले. तिसरा अभ्यास तामिळनाडूतील दिंडिगुल जिल्ह्यातला. या तिन्ही अभ्यासांच्या तुलना-गटांत मिळून १,३८,६२४ स्त्रिया होत्या आणि त्यांच्यात या कर्करोगाचे किमान २५४ मृत्यू नोंदले गेले. हा हिशेब मांडला तो एका अमेरिकन डॉक्टराने. त्याच्या तक्रारीवरून अमेरिकेच्या मानवी संशोधन-संरक्षण कार्यालयाने मुंबईच्या अभ्यासाची चौकशी केली, आणि तेथील स्त्रियांना संमती घेताना पुरेशी माहिती दिली गेली नव्हती, असा निष्कर्ष काढला. या अभ्यासांमागे पैसा होता तो अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा आणि गेट्स फाऊंडेशनचा.

येथे संशोधकांची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. त्यांचे म्हणणे असे, की भारतात अशी तपासणी कोणालाच मिळत नव्हती. तुलना-गटाकडून काहीही काढून घेतले गेले नाही, उलट त्यांना माहिती मिळाली. हा युक्तिवाद तर्काला धरून आहे. पण त्यातच त्याची लज्जाही आहे. 'येथे काहीच मिळत नाही, म्हणून काहीही न देणे हीच येथील रीत', असे ज्या देशाच्या स्त्रियांविषयी बोलता येते, त्या देशाने ते वाक्य ऐकून अस्वस्थ व्हायला हवे. अमेरिकेतील स्त्रीला अशा तुलना-गटात ठेवण्याची कल्पनाही तेथे कोणी केली नसती. एकाच रोगासाठी स्त्रीच्या प्राणाचे दोन भाव कोणी ठरवले? बाहेरच्यांनी ठरवले, हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे असे, की ते भाव आपल्या राज्यकर्त्यांनी आधीच पाडून ठेवले होते.

दोन सोयीच्या पळवाटा

अशा वेळी दोन प्रकारचे लोक हमखास पुढे येतात. पहिले म्हणतात, विज्ञानाला प्रश्न विचारू नका. मोठ्या नियतकालिकात छापले आहे, म्हणजे सारे ठीकच असणार. या वृत्तीचे फळ २०१० मध्ये दिसले. आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत एका अमेरिकन संस्थेच्या पुढाकाराने हजारो मुलींना याच विषाणूविरोधी लस टोचण्याचा प्रकल्प सुरू होता. तो त्या वर्षी थांबवावा लागला. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात या प्रकल्पावर कठोर ताशेरे ओढले. वसतिगृहातील मुलींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या प्रमुखांच्या सह्या होत्या! आदिवासी मुलीचा बाप जिवंत असताना त्याला विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही, याला विज्ञान म्हणत नाहीत.

दुसरे लोक याच्या नेमके उलट बोलतात. त्यांच्या मते लस म्हणजे कारस्थान, तपासणी म्हणजे धंदा, संशोधन म्हणजे परकीयांचा डाव. राष्ट्राभिमानाचा आव आणणारी ही भूमिका प्रत्यक्षात आळसाची आहे. प्रकल्पात चूक झाली म्हणून लस खोटी ठरत नाही आणि संमतीपत्रात खोट होती म्हणून ३४ आणि ६४ हे आकडे बदलत नाहीत. सिरम संस्थेने पुण्यात तयार केलेल्या देशी लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. तिच्याकडेही संशयाने पाहणारे स्वदेशीचा पुरस्कार नेमका कशासाठी करतात?

संशोधन नको, हा मार्ग आत्मघाताचा आहे. संशोधन कोणाचे, कोणाला विचारून आणि कोणाच्या हितासाठी, हा प्रश्न खरा आहे.

कावसजीचे नाक आणि विंचवाचा दंश

संशोधनाच्या अभिमानाची एक कथा आपल्याकडे पुष्कळदा सांगितली जाते. तिचा उत्तरार्ध मात्र टाळला जातो. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा टिपूच्या हाती सापडला. टिपूने त्याचे नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका कुशल कारागिराने कपाळाच्या कातडीचा तुकडा वळवून त्याला नवे नाक बसवले. सुश्रुताच्या परंपरेतील ती विद्या होती. इंग्रज शल्यचिकित्सकांनी ती क्रिया डोळ्यांनी पाहिली आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये तिचे सचित्र वर्णन छापून आले. ते वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यचिकित्सकाने मृतदेहांवर सराव केला, योग्य रुग्णासाठी वीस वर्षे वाट पाहिली, १८१४ मध्ये लंडनमध्ये ही शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये तिचा ग्रंथ छापला. युरोपातील आधुनिक सुघटन शल्यक्रियेचा प्रवास तेथून वेगाने सुरू झाला.

कार्प्यूचे नाव इतिहासात राहिले. पुण्याजवळच्या त्या कारागिराचे नाव कोणालाही ठाऊक नाही. त्याने किती नाके बसवली, किती फसली, जखम का चिघळली, यांची नोंद कोणी ठेवली नाही. समाजाने त्याच्या हातांना मान दिला नाही, म्हणून त्याची विद्या घराण्याबरोबर विझली. सुश्रुताचे नाव घेऊन छाती फुगवणाऱ्यांनी हा उत्तरार्धही मुखोद्गत करावा. विद्या चोरीला गेली नाही; ती लिहून ठेवली गेली नाही, एवढेच झाले.

हा दोष धुऊन काढणारी माणसे याच मातीत जन्मली आहेत. बुलढाण्याला लागून असलेल्या जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यातून आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने मुले डोळ्यांदेखत दगावत. फुफ्फुसांत पाणी भरे, हृदय थकून जाई. त्या डॉक्टराजवळ प्रयोगशाळा नव्हती, अनुदान नव्हते. होती ती रुग्णाच्या उशाशी बसून तासातासाने नाडी, रक्तदाब, घाम टिपून ठेवण्याची चिकाटी. त्या नोंदींतून रोगाची गती उमगली आणि रक्तदाबावर वापरल्या जाणाऱ्या प्राझोसिन या स्वस्त गोळीचा उपयोग सापडला. 'लॅन्सेट'ने त्यांचे काम छापले. शंभर गंभीर रुग्णांत तीस-चाळीस मृत्यू होत असत. ते प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले. पुढे २०११ मध्ये ७० रुग्णांवरील तौलनिक अभ्यासाने त्यांनीच दाखवून दिले, की प्राझोसिनसोबत विंचवाची प्रतिलस दिली तर रुग्ण अधिक लवकर सावरतो. या अभ्यासातही दोन गट होते. पण प्राझोसिन दोन्ही गटांना मिळाले. सिद्ध झालेला उपचार कोणापासूनही रोखला गेला नाही. वैद्यकीय नीतीचे मोठमोठे ग्रंथ जे सांगू पाहतात, ते महाडच्या एका छोट्या रुग्णालयाने आचरून दाखवले.

टाटा रुग्णालयाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखालील अभ्यासाचेही उदाहरण असेच आहे. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करण्याआधी गाठीभोवती लिग्नोकेन हे सुन्न करणारे साधे औषध टोचले, तर काय होते? देशातील ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर हा प्रश्न तपासला गेला. पाच वर्षांनंतर जिवंत असलेल्या स्त्रियांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेले. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधाचा खर्च शंभर रुपयांच्या आत! कोणत्याही बहुराष्ट्रीय औषध कंपनीला हा प्रश्न पडला नसता, कारण त्याच्या उत्तरातून नफा होत नाही. आपले प्रश्न आपणच विचारले, तर उत्तरेही आपल्याला परवडणारी मिळतात.

सर्वांत मोठा तुलना-गट

आता पुन्हा उस्मानाबादकडे वळू. तेथील उत्तर २००९ मध्ये मिळाले. जगाने ते उचलले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये विषाणू-तपासणीलाच पहिली पसंती दिली. स्त्रीने स्वतःच्या हाताने नमुना घेतला तरी चालतो, इतकी ही तपासणी आता सोपी झाली आहे. देशी बनावटीचे तपासणी-संचही पुढे येत आहेत. आणि भारतात? केंद्र सरकारने २०१६ मध्ये तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी व्हिनेगर-तपासणीचा आराखडा काढला. कागदावर तो उत्तम आहे. पण २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयोगटातील किती स्त्रियांची ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली होती? जेमतेम दोन टक्के!

याचा अर्थ नीट समजून घ्यावा. उस्मानाबादचा तुलना-गट काही वर्षांनी संपला. त्यानंतर शंभरातील अठ्ठ्याण्णव स्त्रिया ज्या स्थितीत होत्या, ती तुलना-गटाचीच स्थिती आहे. फरक इतकाच, की त्यांच्या मृत्यूंची नोंद ठेवणारा कोणी संशोधक नाही. परदेशी पैशावर चाललेल्या अभ्यासात २५४ स्त्रिया गेल्या म्हणून संताप व्यक्त करणाऱ्यांनी, स्वदेशी अनास्थेमुळे दरवर्षी जाणाऱ्या ८० हजार स्त्रियांसाठी संतापाचा कोणता वाटा राखून ठेवला आहे?

अज्ञानाची ही पोकळी रिकामी राहत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये चव्हाट्यावर आला. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. अंगावरून पांढरे जाते एवढ्या तक्रारीवर, 'कॅन्सर होईल' या भीतीपोटी कित्येकींनी ऐन तिशीत शस्त्रक्रिया करून घेतल्या. जेथे दहा मिनिटांची तपासणी पोहोचत नाही, तेथे भीतीचा व्यापार पोहोचतो.

संशोधन धोरणापर्यंत पोहोचूच शकत नाही, असेही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत स्त्रियांमार्फत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि ४७ गावांशी तुलना केली. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने प्रसिद्ध केले. २०११ मध्ये हीच पद्धत 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग झाली. बारा वर्षे लागली. पण ती झाली, कारण संशोधक गाव सोडून निघून गेले नाहीत.

जिजाऊंच्या तालुक्यात

साखरखेर्डा ज्या सिंदखेड राजा तालुक्यात आहे, तो राजमाता जिजाऊंच्या जन्माचा तालुका. दर १२ जानेवारीला तेथे लाखोंचा समुदाय लोटतो, मातृशक्तीचा जयघोष होतो. तो व्हायलाच हवा. पण जयघोष करणाऱ्या प्रत्येकाने त्या दिवशी घरी परतल्यावर आपल्या आईला, पत्नीला, वहिनीला एक प्रश्न विचारावा : तुझी तपासणी झाली आहे का? हा प्रश्न विचारताना जीभ अडखळते, हीच खरी अडचण आहे. ज्या विषयावर घरात बोलायचे नाही, त्या विषयावर सरकारला जाब कोण विचारणार?

मागण्या अवघड नाहीत. खेड्यात होणाऱ्या कोणत्याही वैद्यकीय अभ्यासाची माहिती आधी ग्रामसभेत, लोकांच्या बोलीत दिली जावी. कोणता गट कशापासून वंचित राहणार आहे, हे त्या स्त्रीला तिच्या भाषेत सांगितल्यावाचून तिचा अंगठा घेतला जाऊ नये. उपचार गुणकारी ठरला, की तुलना-गटाला तो सर्वांत आधी, ठरलेल्या मुदतीत मिळावा. जनतेच्या शरीरांतून सिद्ध झालेले ज्ञान किती वर्षांत कार्यक्रमात उतरले, याचा जाब दरवर्षी विधिमंडळात द्यावा लागावा. बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला २०२४ मध्ये परवानगी मिळाली आहे. तेथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने प्राथमिक आरोग्य केंद्रातील नोंदवहीकडे ओझे म्हणून न पाहता बावस्करांच्या दृष्टीने पाहावे. आणि सेवाकार्य करणाऱ्यांनी रक्तदान व चष्मेवाटपाच्या शिबिरांइतक्याच निःसंकोचपणे तिशी ओलांडलेल्या स्त्रियांच्या तपासणीची शिबिरे भरवावीत.

तीनशे वर्षांपूर्वी साखरखेर्ड्याच्या शिवारात दुसऱ्यांची लढाई लढली गेली आणि गाव पाहत राहिले. ही लढाई मात्र गावाचीच आहे. शत्रू दहा-पंधरा वर्षांचा अवधी देतो, शस्त्र उस्मानाबादच्या भगिनींनी स्वतःच्या प्राणांची किंमत मोजून मिळवून दिले आहे. ते म्यानातच गंजू देणे हा त्या चौसष्ट जणींचा दुसरा मृत्यू ठरेल.